अंगातली जमीन : प्रस्तावना

आमच्या तळेगाव ढमढेरे गावातून समुद्र दिसत नाही. मध्ये अख्खा सह्याद्री आडवा आहे. वेळ नदीचं पाणी भीमेला मिळतं, भीमा दौंडवरून उजनीत जाते, पुढे कृष्णेला मिळून पार आंध्रातून बंगालच्या उपसागरात उतरते. म्हणजे जवळचा अरबी समुद्र आमच्या नदीचासुद्धा नाही. पाऊस तेवढा त्याचा, तोही घाटमाथ्यावर रिता होऊन उरलासुरला. अशा गावात बसून सागरी सस्तन प्राणी आणि समुद्रपक्षी यांच्यावर पुस्तक कशाला, असं मला जवळच्या माणसांनीच विचारलं. त्यांना उत्तर द्यायचं म्हणून ही प्रस्तावना जरा लांबणार आहे.

पुस्तकाचं बी शाळेच्या सहलीत पडलं. दापोलीजवळच्या मुरुडला नववीची मुलं होडीत बसवून आम्ही डॉल्फिन दाखवायला नेली होती. बराच वेळ काहीच दिसेना. मग पंधरा-वीस हातांवर पाणी फाटलं, करडी पाठ वर आली, दमलेला बैल नाकातून वारा सोडतो तसा फुस्सकन आवाज झाला आणि पाठ खाली गेली. पोरांनी होडी डोक्यावर घेतली. एक मुलगी मात्र गप्प होती. थोड्या वेळाने म्हणाली, "सर, याला पाण्यातच राहायचंय ना? मग श्वासाला वर कशाला येतोय? अजून शिकला नाही का?"

तो मासा नाही, सस्तन आहे, असं पाठ्यपुस्तकातलं उत्तर मी दिलं. ते खरं होतं, पण तिने विचारलं होतं ते वेगळंच. पाच कोटी वर्षं पाण्यात काढून ज्याला पाण्यातला श्वास जमला नाही, तो पाण्यात एवढा तरबेज कसा, हे तिला कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. या संग्रहातला प्रत्येक लेख कुठून ना कुठून त्या प्रश्नाशी येतो.

मला सापडलेलं उत्तर असं, की हे प्राणी समुद्राचे झाले ते जमीन अंगात ठेवून. फुप्फुसं जमिनीची, गरम रक्त जमिनीचं, पिल्लाला पाजायचं दूधही जमिनीचंच. गोधडी शिवायला कोणी नवं कापड आणत नाही. जुनी लुगडी-धोतरं असतात, त्यांतूनच ऊब साधायची असते. निसर्गाचंही तसंच आहे. म्हणून 'अनुकूलन' हा शब्द वाचताना वाचकाने नव्या अवयवाची वाट पाहू नये, जुन्या अवयवाला घातलेला टाका शोधावा. देवमाशाची, आणि त्याच्याच घराण्यातल्या डॉल्फिनची, शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते, माशाची उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. कारण देवमाशाचे पूर्वज चार पायांवर पळणारे होते आणि पळताना त्यांचा कणा वर-खाली वाकत होता. पाय गेले, पण पळण्याची लकब राहिली. माशाच्या परासारख्या दिसणाऱ्या पुढच्या वल्ह्यात आजही हाताची हाडं आहेत, आणि मांसात खोल कुठेतरी कमरेच्या हाडाचा लहानसा तुकडा आहे.

हे पूर्वज कोण, याचा शोध आपल्या उपखंडातच लागला आणि तरी मराठी वाचकाला तो फारसा माहीत नाही, याचं मला राहून राहून वाईट वाटतं. पाकिस्तानातल्या खडकांत सापडलेल्या पाकिसेटस या आद्य देवमाशाची नोंद १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. कच्छमध्ये अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकापासून जुन्या देवमाशांचे जीवाश्म उजेडात आणले. जम्मूतल्या कालाकोटचे दगड ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञाने गोळा करून ठेवले होते. त्यांतून इंडोहायस नावाचा मांजराएवढा, हरणासारखा प्राणी निघाला, आणि २००७ मध्ये हान्स थेविसेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो देवमाशांचा अगदी जवळचा नातेवाईक असल्याचं दाखवलं. त्याच्या कानाचं हाड देवमाशासारखं जाड होतं आणि पायांची हाडं वजनदार होती, उथळ पाण्यात चालणाऱ्याची असतात तशी. भारताचा भूखंड आशियाला भिडत होता, मधला टेथिस समुद्र आटत होता, आणि त्याच्या उथळ काठावर देवमाशाचं घराणं सुरू झालं.

आता बैलाकडे येतो. आमच्या शिरूर तालुक्यात बैलगाडा शर्यतीचा घाट म्हटलं की गाव लोटतं, म्हणून हे उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. बैल, शेळी, हरीण यांच्या मागच्या पायाच्या घोट्यात एक हाड असतं. त्याच्या दोन्ही टोकांना विहिरीवरच्या कप्पीसारखी खाच असते. घोड्याच्या त्याच हाडाला ती एकाच टोकाला असते. पाकिस्तानात जुन्या, पाय असलेल्या देवमाशांची घोट्याची हाडं सापडल्याचं २००१ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यांना दोन्ही टोकांना कप्पी होती. रक्ताच्या, जनुकांच्या तपासण्या आधीपासून हेच सांगत होत्या. हाडानेही कौल दिला. देवमाशाला सगळ्यांत जवळचा आजचा प्राणी पाणघोडा, आणि त्यानंतरच्या भावकीत आपला बैल. घोड्यापेक्षा बैल देवमाशाला जवळचा आहे. देवमाशाचं पोटही बैलासारखं अनेक कप्प्यांचं असतं. मुरुडच्या होडीत तो आवाज ऐकून मला बैल आठवला होता, तेव्हा यातलं काही मला ठाऊक नव्हतं.

दुसरी गोष्ट पायाखालची. आमच्या शिवारात विहीर खणताना लागतो तो काळा पाषाण, निघोजच्या रांजणखळग्यांत कुकडीने कोरला आहे तोच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजला तेव्हा जगात एकही देवमासा नव्हता. आमच्या विहिरीचा दगड देवमाशाहून दीड-एक कोटी वर्षांनी थोरला आहे. समुद्रापासून लांब राहणाऱ्याने या विषयात शिरायला एवढं नातं पुरे आहे.

या विद्येचा इतिहास लांब आहे आणि त्यात चुकांची रेलचेल आहे. आपल्या भाषेने व्हेलला देवमासा म्हटलं, म्हणजे देवपण दिलं आणि मासेपणही. ॲरिस्टॉटलला डॉल्फिन हवा घेतो आणि पिल्लाला पाजतो हे माहीत होतं, तरी युरोपला पुढची दोन हजार वर्षं तो मासाच वाटत होता. लिनियसने १७५८ च्या आवृत्तीत देवमासे सस्तनांत घातले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आपल्याकडे १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली आणि किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांच्या नोंदी तिच्या नियतकालिकात येऊ लागल्या. पक्ष्यांच्या बाबतीत वेंगुर्ल्यासमोरचे खडक महत्त्वाचे. एकोणिसाव्या शतकात ॲलन ह्यूम तिथे जाऊन आला, १९४०च्या सुमारास हुमायून अब्दुलालींनी तिथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहिलं. मोजणारे आणि नोंदणारे, ही या विषयाची पहिली परंपरा. तिला हल्ली कमी लेखतात, ते बरोबर नाही. आज एखादा पक्षी कमी झाला म्हणायचं तर पूर्वी तो किती होता हे याच जुन्या वह्यांतून कळतं.

दुसरी परंपरा शरीराच्या आत डोकावणाऱ्यांची. इथे जरा थांबतो, कारण या शाखेतला एक वाद शास्त्र कसं पुढे जातं ते चांगलं दाखवतो. पेर शोलँडर या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने १९४० मध्ये बुडी मारणाऱ्या प्राण्यांवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत सीलला फळीला बांधून पाण्याखाली धरलं की त्याच्या हृदयाचे ठोके एकदम उतरतात, हातापायांचं रक्त आखडतं आणि उरलेला प्राणवायू मेंदू-हृदयासाठी राखला जातो, असं त्याने दाखवलं. हा मोठाच शोध होता. पण पुढे जेराल्ड कूयमन अंटार्क्टिकात गेला, बर्फाला भोक पाडून मोकळ्या वेडेल सीलच्या पाठीवर त्याने खोली नोंदवणारं यंत्र लावलं. सुरुवातीची यंत्रं त्याने स्वयंपाकघरातल्या गजराच्या घड्याळापासून बनवली होती. मोकळा सील बहुतेक बुड्या आपल्या प्राणवायूच्या साठ्यातच उरकतो, शेवटच्या थेंबापर्यंत क्वचितच जातो, असं त्यातून दिसलं. फळीला बांधलेल्या सीलला आपण परत वर येणार की नाही हे माहीत नव्हतं. त्याचं शरीर मरणाची तयारी करत होतं. शोलँडरची मापं खोटी नव्हती, पण ती भ्यालेल्या जनावराची होती. या पुस्तकात जिथे जिथे प्रयोगाचा उल्लेख येतो तिथे प्राणी बांधलेला होता की मोकळा, हे मी मुद्दाम सांगितलं आहे.

साठा कुठे असतो, तर मुख्यतः रक्तात आणि स्नायूंत. स्नायूंतला मायोग्लोबिन हा पदार्थ प्राणवायू धरून ठेवतो. स्पर्म व्हेलच्या स्नायूंत तो इतका ठासून भरलेला असतो की मांस काळपट दिसतं. म्हणूनच जॉन केंड्र्यूने १९५८ मध्ये प्रथिनाच्या रेणूची त्रिमित रचना पहिल्यांदा उलगडली ती स्पर्म व्हेलच्या मायोग्लोबिनची, आणि १९६२ च्या नोबेलचा तो वाटेकरी झाला. माणूस स्वस्थ बसून घेतो त्या श्वासात फुप्फुसातली दहा-पंधरा टक्के हवा बदलते, देवमासा एका फुंकरीत ऐंशी-नव्वद टक्के बदलतो. क्यूव्हिअरचा चोचमुखी देवमासा २,९९२ मीटर खोल गेल्याची नोंद २०१४ ची आहे. २०१९ मध्ये निळ्या देवमाशाच्या अंगावर यंत्र चिकटवून ठोके मोजले, तेव्हा खोल पाण्यात ते मिनिटाला दोनपर्यंत उतरलेले आढळले. ही ओळ वाचून हवं तर स्वतःची नाडी धरून पाहावी.

पक्ष्यांकडे वळलं की अडचण वेगळी होते. देवमाशाने पिल्लूसुद्धा पाण्यात जन्माला घातलं. पक्ष्याला ते कधीच जमलं नाही. अंडं पाण्यात बुडालं की आतला जीव गुदमरतो. म्हणून काळ्या पाठीचा सूटी टर्न नावाचा सुरय पहिल्या विणीआधीची काही वर्षं जवळजवळ अखंड हवेत काढतो, पण अंड्यासाठी त्याला लक्षद्वीपच्या पिट्टी बेटासारखी मूठभर वाळू लागतेच. पस्तीस-चाळीस ग्रॅमचा विल्सनचा वादळपक्षी अंटार्क्टिकाच्या खडकात घरटं करतो आणि आपल्या पावसाळ्याच्या दिवसांत अरबी समुद्रावर लाटांना पाय लावत उडताना दिसतो.

त्यांना पिण्याचं पाणी कुठून मिळतं, हा कोड्याचा प्रश्न होता. क्नूट श्मिट-नील्सन याने १९५७-५८ मध्ये तो सोडवला. डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथी रक्तातलं मीठ वेचून समुद्राहूनही खारट पाण्याच्या रूपात नाकातून बाहेर टाकतात. कुरव मान झटकतो तेव्हा चोचीच्या टोकावरून उडणारा थेंब तोच. आणि हे पाहायला कोकणात जायची गरज नाही, असं मी आधी समजत होतो. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर, दौंड-इंदापूरच्या काठाला, तपकिरी डोक्याचे कुरव येतात. मी दुर्बीण लावून तास-तास थेंब शोधला. मिळाला नाही, कारण गोड्या पाण्यावर ही ग्रंथी आकसून निवांत बसते. खारं पाणी पोटात गेलं की पुन्हा कामाला लागते. शिवाय हे कुरव वीण करतात लडाख-तिबेटच्या उंच तलावांवर. समुद्र, पठार आणि पर्वत, तिन्ही ठिकाणी संसार मांडणाऱ्या या पक्ष्याला 'समुद्रपक्षी' म्हणावं की नाही यावर एक अख्खा लेख झाला आहे.

ज्या पाणकावळ्यावर श्मिट-नील्सनने काम केलं, त्याचा लहान भाऊ आमच्या वेळ नदीच्या बंधाऱ्यावर रोज असतो. बाभळीच्या वाळक्या फांदीवर पंख पसरून, वाळत घातलेल्या छत्रीसारखा. त्याच्या पिसांची कड भिजते, त्यामुळे पिसांत कमी हवा राहते आणि बुडी मारणं सोपं जातं. मग बाहेर येऊन वाळवावं लागतं. वाळवणं हेच एक कारण की ऊब घेणंही त्यात आहे, यावर अभ्यासकांचं अजून पूर्ण जुळलेलं नाही. या विषयात प्रत्येक अवयवाला आणि प्रत्येक सवयीला एक चपखल कारण चिकटवण्याचा मोह फार. तो आवरायला शिकवणारा याच्याइतका चांगला गुरू मला दुसरा भेटला नाही.

आवाजाच्या शाखेविषयी इथे थोडक्यातच. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो आणि उजेड मात्र लवकर विझतो, म्हणून डॉल्फिन कानाने पाहतो. केनेथ नॉरिसने त्याचे डोळे झाकूनही तो अडथळे चुकवतो हे दाखवलं, १९७१ मध्ये रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी कुबड देवमाशाच्या गाण्याची रचना मांडली. गढूळ पाण्यात, जहाजांच्या घरघरीत आपल्या किनाऱ्याचा डॉल्फिन काय ऐकत असेल, हा प्रश्न त्यातून थेट आपल्या दारात येतो.

आणि दार म्हणजे कोकण. तिथे गेल्या दशकात जे काम झालं त्याने या विषयाचा मराठी चेहरा बदलला. कोंकण सिटेशियन रिसर्च टीमच्या तरुण अभ्यासकांनी मच्छिमारांशी बोलून, त्यांच्या बरोबरीने होड्यांतून फिरून सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरचे डॉल्फिन आणि बिनपंखी पॉर्पॉइज नोंदवले. २०१५ मध्ये त्यांना कुणकेश्वरच्या समुद्रात निळे देवमासे दिसले. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला चाळीस फुटांहून लांब निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला सुमारे वीस फुटांचं पिल्लू वाळूत रुतलं. माणसं रात्रंदिवस त्याच्या अंगावर पाणी ओतत राहिली, ते खोल समुद्रात सोडलंही, पण वाचलं नाही.

ते का वाचत नाही, हे समजलं की अनुकूलन म्हणजे काय ते पुरतं समजतं. पाण्यात त्याचं वजन पाणी पेलतं. वाळूवर तेच वजन फुप्फुसांवर बसतं आणि प्रत्येक श्वास उचलून घ्यावा लागतो. थंड पाण्यात ऊब धरणारा चरबीचा थर उन्हात त्याला आतून भाजतो. पोसलेल्या प्रत्येक गुणाचाच तिथे फास होतो. म्हणून ओली कापडं टाकावीत, सावली करावी, डोक्यावरच्या नाकपुडीत पाणी जाऊ देऊ नये, आणि शेपटीला दोर बांधून ओढू नये. तसंच पावसाळ्यात वादळाने किनाऱ्यावर फेकलेला बूबी किंवा सुरय सापडला तर त्याला उचलून परत लाटांत भिरकावू नये; तो दमलेला, उपाशी असतो आणि पिसं भिजली की बुडतो. वनविभागाला कळवावं. हा मजकूर पुस्तकात वेगळ्या पानावर मोठ्या अक्षरांत छापला आहे.

अरबी समुद्राचे कुबड देवमासे जगावेगळे आहेत. इतर कुबड देवमासे ध्रुवाकडे चरायला जातात, हे इथेच राहतात. कारण आपल्याला पाऊस देणारा नैर्ऋत्य मोसमी वारा ओमानच्या किनाऱ्याचं पाणी रेटतो, तळाचं थंड, सकस पाणी वर येतं आणि त्यांची सुगी सुरू होते. मृगाकडे आपण डोळे लावतो, तेही लावतात. ओमानजवळ त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे. २०१७ च्या अखेरीस त्यांतली लुबान नावाची मादी अंगावर यंत्र घेऊन समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेला कन्याकुमारीपर्यंत गेली. तोवर तिकडचे आणि इकडचे देवमासे एकच आहेत का, याचा असा धडधडीत पुरावा नव्हता.

हे सगळं आजच का वाचायचं, तर हे प्राणी जाळ्यात, बातम्यांत आणि बाजारात सारखे समोर येत आहेत. पुण्यापर्यंत 'व्हेलच्या उलटी'च्या तस्करीच्या बातम्या आल्या. ती उलटी नसते, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते आणि तिचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. दुसरीकडे, संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी स्वतःचं जाळं कापणाऱ्या मच्छिमाराला २०१८ पासून महाराष्ट्र शासन पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. मला ही योजना फार मोलाची वाटते, कारण तिने कापलेल्या जाळ्याची किंमत मान्य केली. आणि आमच्या वेळ नदीत टाकलेली पिशवी थांबली नाही तर भीमेतून, कृष्णेतून समुद्रात जाते. समुद्रावर तरंगलेल्या प्लास्टिकला शेवाळ धरतं आणि वादळपक्ष्यांच्या कुळातले पक्षी ज्या वासाने अन्न शोधतात तोच वास त्याला येऊ लागतो, हे २०१६ च्या संशोधनातून पुढे आलं आहे. त्यांचं नाक चुकत नाही, आपण वास चुकीच्या वस्तूला दिला आहे.

पुस्तकाने काय केलं नाही तेही सांगतो. सील आणि पेंग्विन शरीरशास्त्रापुरते आहेत. त्यांच्यावर सचित्र पुस्तकं भरपूर आहेत, मला आपला किनारा हवा होता. डुगाँगवर एक लेख आहे, त्यासाठी कच्छच्या आखातापर्यंत आणि पाल्कच्या सामुद्रधुनीपर्यंत जावं लागलं. परिभाषेच्या बाबतीत मी कोळ्यांच्या आणि पक्षीनिरीक्षकांच्या तोंडचे शब्द आधी घेतले, ते नसतील तिथे सोपा मराठी शब्द, आणि तोही ओढाताणीचा वाटला तर इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवला. लेख कुठूनही वाचावेत, मात्र बुडीवरचा लेख पक्ष्यांच्या लेखांआधी वाचला तर पुढचं सोपं जाईल.

शेवटची दोन पानं कोरी आहेत. त्यावर फक्त रकाने आखले आहेत : तारीख, वेळ, पक्षी, बुडी किती सेकंदांची. मुरुडला प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या वर्गाने असाच तक्ता बंधाऱ्यावर बसून भरला होता. पाणकावळ्याच्या पहिल्या चार बुड्या सात, अकरा, नऊ आणि चौदा सेकंदांच्या होत्या. पाचवीला तो कुठे वर आला ते कोणालाच दिसलं नाही, आणि तिने त्या रकान्यात प्रश्नचिन्ह घातलं. तो तक्ता तसाच, प्रश्नचिन्हासकट, नमुना म्हणून छापला आहे.